दूधभावाचं अक्षर

हैबतगंज, १२ सफर

पंडित भवदेव मिश्र, मुक्काम काशी, यांना यावर बेगचा सलाम.

खुशाली विचारत नाही. तुम्हांला इथून जाऊन दहा महिने झाले. तेवढ्यात तुम्हांला माझी आठवण झाली असेल असं मी धरून चालत नाही. आणि मला तुमची झाली असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. काम आहे म्हणून लिहितोय.

पोथीची प्रकरणं अठ्ठावीस. तुम्ही असताना बावीस फारसीत उतरली. तेविसावं साहेबजादे मुनव्वर मिर्झांनी एकट्यानं हाती घेतलं, आणि गेले अकरा दिवस ते एकाच शब्दापाशी बसून आहेत. शब्द आहे 'साक्षी'. आधी त्यांनी 'गवाह' लिहिलं. मी स्वच्छ प्रतीत तसं उतरवलंही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "खोड. गवाह काजीच्या कचेरीत पान चघळत उभा असतो. हा तो नव्हे." मग 'बघणारा' लिहिलं, तेही खोडलं. आता जेवणाकडे लक्ष नाही, नमाजानंतर जागेवरून उठत नाहीत, आणि मी काही विचारलं की म्हणतात, "तुला नाही कळणार, यावर."

मला कळणार नाही. चौतीस वर्षं त्यांच्या सावलीत काढलेल्या माणसाला.

तर त्या शब्दाचा अर्थ साध्या हिंदवीत लिहून पाठवा, संस्कृत नको. बुलाकी मल्लाहची नाव महिन्यातून दोनदा काशीला येते, त्याच्याजवळ द्या. कागदावर नाव माझं घाला. साहेबजाद्यांना वेगळं काही लिहू नका. त्यांची तब्येत नाजूक आहे, जुने विषय निघाले की त्यांना त्रास होतो.

इथंच थांबायला हवं होतं, पण आज हात थांबत नाही. माझ्या आईनं आम्हां दोघांना पाजलं हे तुम्हांला माहीत आहे. महालात सगळे तिला अन्नाबी म्हणायचे. ती आधी त्यांना घ्यायची, मग उरलं तर मला. त्याचा मला कधी राग आला नाही. राजाचं लेकरू होतं ते. मोठेपणी आम्ही एका ताटात जेवलो, एका उस्तादाचा मार खाल्ला, एका मौलवीला चकवलं. मग तुम्ही आलात, तांब्याची कळशी आणि दर्भाची चटई घेऊन. तुम्ही बागेत चूल मांडायचात, आणि नवाबाचा थोरला मुलगा तुमच्या सोवळ्याच्या चौक्याबाहेर विटेवर बसून राहायचा. तुम्ही म्हणायचात, "साहेबजादे, भातावर सावली येतेय, जरा सरका." आणि ते सरकायचे. मी ते पातेलं लाथाडलं असतं.

एकदा मी त्यांना म्हणालोही, "हा माणूस तुमच्या हातचं पाणी पीत नाही, आणि तुम्ही त्याला उस्ताद म्हणता?"

ते म्हणाले, "पीत नाही आणि तोंडावर सांगतो. इथं माझं पाणी पिणारे पुष्कळ आहेत, यावर. खरं सांगणारा हा एक."

त्यांना एकच ध्यास आहे: हिंदूंची पोथी आणि आपला दीन-धर्म, दोन्ही विहिरींचा झरा खाली एकच आहे हे दाखवायचं. असेलही. मला त्या झऱ्याशी कर्तव्य नाही. मला त्यांनी वेळेवर जेवावं एवढंच हवं आहे.

उत्तर लवकर पाठवा.

यावर बेग


२ जमादिलावल

पंडितजी,

तुमचं उत्तर पोचलं. घाटाच्या पायरीचा दाखला चांगला दिलात, हे कबूल करतो. एकजण तिच्यावर उभा राहून बुडी मारतो, दुसरा अस्थी सोडतो, तिसरा भांडी घासतो. पायरी सगळं बघते पण कुणाच्या मागे जात नाही, आणि कुणी न आलं तरी पायरीच असते. मी तीनदा वाचलं. पाठ केलं आणि कागद चुलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबजाद्यांना म्हणालो, "काल विचार करत होतो. साक्षी म्हणजे घाटाच्या पायरीसारखं काहीतरी असेल का?" आणि सगळं सांगितलं, माझंच असल्यासारखं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे कुठून आणलंस?"

"सुचलं."

"यावर, तू उभ्या जन्मात घाटावर आंघोळ केलेली नाहीस. तुला पायरी कशी सुचेल? ही पंडितजींची बोली आहे."

मी म्हणालो, "त्यांचे जुने कच्चे कागद सापडले बस्त्यात."

त्यावर ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाले, "शोध अजून. सगळे बस्ते उलथेपालथे कर." मग लिहायला बसले आणि संध्याकाळपर्यंत तेविसावं प्रकरण पुरं केलं. शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं: आपल्या दीनाची सुरुवातच साक्ष देण्यानं होते, आणि ही पोथीही साक्षीपाशी येऊन थांबते, मग अंतर आहे ते भाषेचं. मला म्हणाले, "हे वाक्य जरा मोठ्या अक्षरात लिही." लिहिलं. आयुष्यात इतकं देखणं पान माझ्या हातून उतरलं नव्हतं.

आता माझी पंचाईत बघा. बस्त्यात कागद नाहीतच, आणि त्यांना दर पंधरा दिवसांनी एक हवा आहे. सोबत चोविसाव्यातल्या चार अडचणी पाठवतो. हसू येत असेल तर खुशाल हसा. त्यांचा चेहरा फुलावा म्हणून मी तुमच्या दारात कटोरा घेऊन उभा आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, "साहेबजाद्यांनी मला ते तसलं पत्र का लिहिलं? माझ्याकडून काय अपराध घडला?" मोठ्या लोकांच्या मनातलं मला काय ठाऊक. तुम्ही तो विषय सोडून द्यावा हे बरं.

यावर बेग


२१ रज्जब

पंडितजी,

ही चिठ्ठी बुलाकी स्वतः तुमच्या हातात देईल. वाचून झाली की गंगेत सोडा.

मोठे नवाब सहा तारखेला गेले. सरफराज मिर्झा, साहेबजाद्यांचे सावत्र भाऊ, फौज घेऊन तीन कोसांवरच होते. जणू बातमीचीच वाट बघत होते. थोरल्यानं पोथ्या वाचल्या, धाकट्यानं शिपायांची नावं पाठ केली. कोण जिंकणार हे भिश्त्यालाही कळत होतं.

सात तारखेला दुपारी बुलाकीनं नाव पाण्याच्या दरवाज्याशी आणली होती. मी पाया पडलो. म्हणालो, "आत्ता बसलात तर परवा काशी. तिथं हजार गल्ल्या आहेत, कुणी शोधू शकणार नाही."

ते म्हणाले, "काशीत माझं कोण आहे?"

मी खाली वाकून नावेचा दोर ओढून धरला.

"एक माणूस होता. निरोपही न घेता गेला. जो असा उठून जातो त्याच्या उंबऱ्यावर मी जीव वाचवायला जाऊ?" आणि जोडे काढून पुन्हा बैठकीवर जाऊन बसले. तासाभरात शिपाई आले.

चौदा तारखेला जामा मशिदीच्या ओसरीवर उलेमांची बैठक झाली. पुस्तक पुढं ठेवलं होतं, आणि काय काढलं असेल त्यांनी? तेविसावं प्रकरण. ते मोठ्या अक्षरातलं वाक्य. आधी मला उभं केलं.

मुफ्तींनी विचारलं, "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि शब्द?"

पंडितजी, मी तुमचं नाव घेणार होतो. जिभेवर आलं होतं. सरफराज मिर्झांच्या माणसानं आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं: थोरल्यांनी एवढंच म्हणावं की काशीच्या बामणानं जादूटोणा केला, बुद्धी फिरवली, त्यानंच हे लिहवून घेतलं, तोबा करावी, जहागीर घ्यावी आणि सुखात राहावं. तुम्ही काशीत, तुमच्या केसाला धक्का लागला नसता. लागला असता तरी मला वाईट वाटलं नसतं, हेही लिहून टाकतो.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबजादे मागून म्हणाले, "शब्द माझे आहेत. त्याला विचारू नका, त्यानं फक्त लिहिलंय."

मुफ्ती जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "मिर्झा, पंडितानं सांगितलं असेल ना हे? तुमचं कोवळं मन, तो मुरलेला."

"त्यांनी मला अर्थ सांगितले. हे वाक्य माझं आहे. ते मला सोडून गेले, त्याचा राग माझ्याजवळ आहे. पण राग आहे म्हणून मी त्यांच्यावर खोटं घालणार नाही."

भर मशिदीत, मरणाच्या दारात उभे राहून त्यांनी तुम्हांला वाचवलं. जाताना माझ्याकडे एकदा बघितलंही नाही. "फक्त लिहिलंय." हे दोन शब्द मला रोज उठून टोचतात.

एका बापाचं रक्त म्हणून जीव घेतला नाही. पुस्तक ओसरीसमोर जाळलं. सगळी तेवीस प्रकरणं आणि चोविसाव्याची सुरुवात. कागद, शाई, कलम यांची बंदी. गावाबाहेरच्या अनारबागेत दोन खोल्या, फाटकावर सहा पहारेकरी. मला दरबारात मुनशीची जागा देत होते. मी साहेबजाद्यांबरोबर बागेत आलो.

खरं सांगू? फाटक बंद झालं, अडणा पडला, तेव्हा मला आनंद झाला. मनात आलं, आता ना पोथी ना पंडित. आता आम्ही दोघंच, लहानपणीसारखे.

यावर


२९ रज्जब

पंडितजी,

आठ दिवस झाले. मी भाकरी भाजतो, ते खातात. मी बोलतो, ते डाळिंबाच्या झाडाकडे बघतात. काल मात्र आपणहून म्हणाले, "यावर, मी पंडितजींचं काय बिघडवलं होतं?" तुम्ही विचारलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. दोन माणसं दोन गावांत बसून मला एकच प्रश्न विचारतात.

ते पत्र मी लिहिलं.

त्यांचं अक्षर मला लहानपणापासून येतं. मौलवींच्या शिक्षेचे धडे त्यांच्या नावानं मीच लिहायचो. शिक्का माझ्याच ताब्यात असायचा. "जो माझ्या घरचं पाणी पीत नाही, त्याची विद्या मला माझ्या घरात नको. मी परत यायच्या आत निघून जावं, तोंड दाखवू नये." बरोबर ना? एक अक्षरही विसरलेलो नाही. साहेबजादे तेव्हा वडिलांच्या छावणीत गेले होते. पाचव्या दिवशी ते परत आले, तेव्हा मी सांगितलं की पंडित पहाटेच्या नावेनं गेले, निरोप ठेवला नाही. ते तुमच्या चुलीपाशी गेले, राखेत हात घालून बघितला. गार होती.

का केलं तेही सांगतो. माझी आई गेली तेव्हा साहेबजाद्यांनी जनाजाला खांदा दिला. पण तिज्याला, तिसऱ्या दिवसाच्या फातिहाला, आले नाहीत. घर माणसांनी भरलं होतं. ज्याला तिनं आपल्या लेकराच्या आधी पाजलं, तोच नव्हता. माझी मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "राजाची जात. दूध संपलं, नातं संपलं." मी माणूस पाठवला. तो सांगत आला की साहेबजादे बैठकीत नाहीत, आणि पंडितजी बागेत पोथी उघडून बसलेत. मी समजलो, तुमच्याबरोबर तिथंच झाडाखाली चर्चा चालली असेल. माझ्या आईच्या तिज्यापेक्षा तुमचा एक श्लोक मोठा झाला. संध्याकाळी ते परस्पर छावणीत गेले आणि मी कलम उचललं.

ते पत्र नसतं तर सात तारखेला ते नावेत बसले असते. आज काशीत तुमच्या शेजारी असते, विटेवर का होईना. हे मला रोज दिसतं.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हांला आधी लिहिलं, कारण तुम्ही लांब आहात.

यावर बेग


१७ शव्वाल

पंडितजी,

तुमचं उत्तर नाही. नसणारच. तरी लिहितो, कारण आता लिहायला सांगणारे साहेबजादेच आहेत.

ईदच्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. शेवया पुढं ठेवल्या आणि सांगितलं. त्यांनी वाटी हातातून खाली ठेवली. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "तिज्याच्या दिवशी मी कबरीवर होतो."

मला कळलंच नाही.

"अन्नाबीच्या कबरीवर. दिवसभर. तुझ्या घरी शंभर माणसं होती, त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. पंडितजी म्हणाले, 'आज पोथी राहू द्या, आईपाशी जा. मी इथं बसतो, कुणी विचारलं तर वाचतोय म्हणेन.' त्यांनीच पाठवलं मला."

पंडितजी, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. सांगायला मी तुम्हांला सवडच कुठं दिली म्हणा.

त्यानंतर सहा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट वेगळं घेतलं. सातव्या दिवशी सकाळी म्हणाले, "लिही."

"कशावर? कागद कुठं आहे?"

"डोक्यात लिही. पुस्तक मला तोंडपाठ आहे, पोथीही. उरलेली प्रकरणं इथंच पुरी करीन. रोज एक पान सांगीन, तू पाठ करायचं. जुम्म्याला तुला बाहेर सोडतात. कुठंतरी बस, उतरव आणि त्यांना पाठव." मग म्हणाले, "आणि यावर, माझ्या शब्दांत तुझा एकही शब्द घालू नकोस."

तर जुम्म्याच्या नमाजानंतर मी कल्लू भडभुंज्याच्या दुकानामागे बसतो. तो पुढं चणे भाजतो, मागं मी पानं लिहितो. सोबत पहिली नऊ. अक्षर वाईट आलंय, गुडघ्यावर कागद धरावा लागतो. हात काळे होतात त्याला भडभुंज्याचं निमित्त आहे, पहारेकरी हुंगून बघतात आणि म्हणतात, "मुनशीजी, चणे एकटेच खाता?"

यावर


८ सफर

पंडितजी,

अखेर तुमचा कागद आला. चार ओळी. "पानं मिळतात. अकराव्या प्रकरणात दोन वाक्यं सुटली आहेत, विचारून कळवा. बाकीचं आत्ता लिहीत नाही. लिहिलं तर चांगलं लिहिलं जाणार नाही." बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर चार ओळीही लिहिल्या नसत्या.

साहेबजाद्यांना दाखवला. त्यांनी तो चारदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. मग दोन वाक्यं सांगितली, आणि वर म्हणाले, "त्यांना विचार, अजून भातात मीठ विसरतात का."

हे तुम्हांला कळवणं माझं काम, म्हणून कळवतो. मीठ विसरता का?

तुम्ही दोघं आता माझ्यातून बोलता. तुमचा अर्थ माझ्या कानात, त्यांचा प्रश्न माझ्या तोंडात. कधी ते एखाद्या शब्दावर इतके खूश होतात की डोळे मिटून मांडीवर थाप मारतात, आणि समोर मी असतो पण ते माझ्यासाठी नसतं. मला अजून जळायला होतं. शरम वाटते आणि जळायलाही होतं, दोन्ही एकदम. पंचविसावं संपलं. पोथी आता मला त्यांच्याइतकीच येते. काल त्यांनी एक ओळ गाळली, मी सांगितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे." बस, एवढंच. मी ते तुम्हांला लिहून कळवतोय, यावरून माझी हालत ओळखा.

त्यांना खोकला आहे. बागेत ओल फार. हकिमाला आत सोडत नाहीत.

बुलाकीजवळ तोंडी निरोप दिलात तो पोचला, तुम्ही यायचं म्हणता, फाल्गुनात. पहाऱ्याच्या जमादारानं होकार दिलाय. त्याच्या बायकोला काशीचं गंगाजल हवं आहे, एक कळशी आणा म्हणजे अर्धा दिवस मिळेल. साहेबजाद्यांना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी दाढी नीट करून घेतली. फाल्गुनाला अजून चार महिने आहेत.

यावर


१८ जमादिलावल

पंडितजी,

साहेबजादे मुनव्वर मिर्झा परवा, सोळा तारखेला, दुपारच्या नमाजानंतर गेले. छातीत कफ भरला होता. सहा दिवस ताप होता. त्यांना अनारबागेतच पुरलं. सरफराज मिर्झांनी चादर पाठवली, स्वतः आले नाहीत.

पुस्तक पूर्ण आहे. अठ्ठाविसावं प्रकरण त्यांनी ताप यायच्या आदल्या दिवशी संपवलं. ती शेवटची सात पानं सोबत आहेत. आता सगळं पुस्तक तुमच्याजवळ आहे, जपा. इथं एक ओळही नाही.

तुम्ही नक्की विचाराल म्हणून आधीच लिहितो. शेवटी त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. मी जवळ होतो. त्यांनी माझा हात धरला, मला ओळखलं, "यावर" म्हणाले, आणि डोळे मिटले.

यावर बेग


१९ जमादिलावल

पंडितजी,

बुलाकीची नाव पाणी कमी म्हणून अडकली आहे, काल दिलेलं पत्र त्याच्याजवळच आहे. ते परत मागून फाडून टाकता येईल. पण फाडत नाही. दोन्ही एकदमच वाचा. कालच्या पत्रातलं शेवटचं खोटं आहे.

दुपारची वेळ होती. ऊन खोलीत त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. मी ओलं फडकं कपाळावर ठेवत होतो. त्यांनी डोळे उघडले, पण ते माझ्यावर ठरत नव्हते. त्यांनी माझा हात चाचपला. म्हणाले, "आलात?"

मी म्हणालो, "मी आहे, यावर."

त्यांनी हात सोडला. मान दरवाज्याकडे वळवली आणि पुन्हा म्हणाले, "पंडितजी आले नाहीत का?"

मी म्हणालो, "वाटेत आहेत."

थोडा वेळ गेला. श्वास मोठ्यानं येत होता. पुन्हा त्यांचा हात गादीवरून माझ्याकडे आला. "पंडितजी?"

मी उत्तर देणार नव्हतो. हा हात माझा आहे, आम्ही एका आईचं दूध प्यायलो, मी यावर आहे, हे एकदा तरी त्यांच्या कानात ओरडावंसं वाटत होतं. एवढी वेळ तरी माझी असावी असं वाटत होतं. ते वाट बघत राहिले, हात तसाच पुढं.

मग मी तुमच्यासारखं, नाकातून, सावकाश म्हणालो, "आलो, साहेबजादे."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि छातीवर ठेवला. पस्तीस वर्षांत त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं. म्हणाले, "यावरवर रागावू नका. तो माझा भाऊ आहे, जरा खुळा आहे."

मी म्हणालो, "नाही रागावणार."

ते त्यावर हसले. हात शेवटपर्यंत सोडला नाही.

तुम्ही फाल्गुनात यायचं ठरवलं होतं, तसेच या. मी अनारबागेतच आहे. कबरीची झाडलोट करायला कुणीतरी हवंच. त्यांना मी तुमच्या वतीनं शब्द दिलाय. तो पाळायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

यावर